दोन पाइपांचं रेलिंग

आमच्या घराला सात पायऱ्या आहेत. सातही काळ्या दगडाच्या आणि सातही माझ्या सासऱ्यांनी स्वतः घडवून बसवलेल्या. गारखेड्यात आमची गल्ली म्हणजे नुसते प्लॉट होते, तेव्हाचं हे काम. समोरच्या नाल्याचं पाणी पावसाळ्यात घरात शिरेल या धास्तीनं त्यांनी जोतं छातीएवढं उंच घेतलं. पुढं नाला बुजला, त्यावर सिमेंटचा रस्ता झाला, तिथं नाला होता हेही लोक विसरले. आमच्या पायऱ्या मात्र राहिल्या. माझ्याकडं ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका वर पोचेपर्यंत धापा टाकतात आणि आल्या आल्या विचारतात, "काय हो, लिफ्ट कधी बसवताय?" गेली तीस वर्षं मी हा विनोद पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते आहे. गिऱ्हाईक आहे, करणार काय.

माझं मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी आहे. तिथून सातही पायऱ्या दिसतात. येणारी बाई कापड घेऊन येतेय की तक्रार घेऊन, हे मला तिसऱ्या पायरीलाच कळतं. मापाच्या बाबतीत तर माझा तोरा साऱ्या गल्लीला माहीत आहे. टेप लावायच्या आधी मी नुसतं बघून माप सांगते आणि चुकले तर फार तर अर्धा इंच. हा तोरा इथंच सांगून ठेवते, कारण पुढं तो चांगलाच उतरणार आहे.

घरात आम्ही तिघं. मी, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी करणारा माझा नवरा, आणि आत्या. आत्या म्हणजे माझी सासू. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. वय ऐंशीच्या अलीकडं-पलीकडं, नक्की साल कुणालाच ठाऊक नाही. तरुणपणी त्या पैठण रोडच्या बाजूच्या एका खदानीत खडी वाहायच्या. पुढं सासरे बांधकामांवर दगडाचं काम करायला लागले तेव्हा त्यांच्या हाताखाली. या पायऱ्यांचे दगड ट्रॅक्टरनं आले, पण त्यांच्याखाली भरलेला मुरूम आणि खडी आत्यांनी घमेल्या-घमेल्यानं डोक्यावर आणली आहे. माझं लग्न झालं त्या दिवशी माझ्या कपड्यांची पेटी टेम्पोतच राहून गेली, तर मी आत्यांचा ब्लाउज घालून घरात वावरले. कुठं टाचणीसुद्धा लावावी लागली नाही. आता त्यांचे ब्लाउज मीच शिवते आणि दर दोन-तीन वर्षांनी पाठीची उंची थोडी कमी करते. त्यांना न सांगता करते.

त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला तीन-चार दिवस होते. नळाला पाणी येण्याचा दिवस होता, आणि आमच्या शहरात तो दिवस सणापेक्षा कमी नसतो. टाकी भरली, हंडे भरले, बादल्या भरल्या, तरी पाणी येतच होतं म्हणून मी पाइप घेऊन ओटा धुतला आणि पायऱ्याही धुतल्या. आत्या झाडू घेऊन निघाल्या होत्या. आमचं विहार गल्लीच्या टोकाला, पाच घरं सोडून आहे. वर्षावास सुरू व्हायच्या आधी ते झाडायचं काम त्या कुणाला करू देत नाहीत. "थांबा, वाळू द्या," असं मी म्हणाले. निदान मला तसं आठवतं. आत्या म्हणतात, तू काहीच म्हणाली नाहीस. सासऱ्यांनी पायऱ्यांना छिन्नीनं टाकी लावून जो खरखरीतपणा आणला होता, तो एवढ्या वर्षांत पायांनी घासून पार गुळगुळीत झाला होता. दुसऱ्या पायरीवरून आत्यांचा पाय सटकला आणि त्या थेट खाली.

नशीब म्हणायचं, डावं मनगट तेवढं गेलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. पाइप मात्र माझ्या हातात होता, ही गोष्ट माझ्या डोक्यातून एक दिवसही गेली नाही.

आमच्याकडं आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास असतो आणि रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं. आत्यांना वाचता येत नाही. सही येते, तीही आम्ही गिरवून घेतलेली. त्यामुळं वर्षातले हे तीन महिने त्यांचे स्वतःचे असतात. पुढच्या सतरंजीवर, खांबाला टेकून, पांढऱ्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन बसायचं आणि ऐकायचं. मधे कुणी कुजबुजलं की यांचे डोळे वटारलेले. शेवटच्या पौर्णिमेला खीर असते आणि खिरीचं पातेलं आमच्या घरून जातं. पहिला डाव आत्या वाढतात.

त्या वर्षी त्यांनी वाचन ओट्यावर बसून ऐकलं. विहाराचा भोंगा आहे, पण मोटरसायकल गेली की दोन वाक्यं जातात आणि कुकरची शिट्टी झाली की चार. मग मी परत आले की उलटतपासणी. "आज काय वाचलं?" मी अर्धा वेळ कुणाच्या ब्लाउजची बाही कशी बसली आहे तेच बघत बसलेली असायची. काहीतरी ठोकून द्यायची. "हे तर मागल्या आठवड्यात झालं," आत्या म्हणायच्या. "तू तिथं ऐकायला जातीस का बघायला?"

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालायला पाहिजे. आत्या घरभर चालायच्या, ओट्यावर फेऱ्या मारायच्या, पण वरच्या पायरीच्या कडेला आल्या की वळायच्या. आज गुडघा दुखतोय, आज ऊन लई हाये, आज कुत्रं बसलंय खाली. नवऱ्यानं सुचवलं, खुर्चीत बसवून दोघं जण उचलून नेतो. आत्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो वीतभर मागं सरकला.

"मला उचलून न्यायचं एकदाच," त्या म्हणाल्या. "आन् त्याला अजून अवकाश हाये."

अश्विन पौर्णिमेला महिना-सव्वा महिना उरला होता. खिरीच्या दिवशी आत्या विहारात नाहीत, हे चित्र मला डोळ्यांपुढं आणवेना. पाडलं मी, तर उतरवणारही मीच, असं ठरवून मी पायऱ्यांना रेलिंग लावायचं काढलं.

रेलिंग निवडणं ही इतकी भांडणाची गोष्ट असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीत आता सगळीकडं चकचकीत स्टील आहे, काहींना तर मधे निळसर काचा. माझं मन त्यावरच गेलं होतं. खोटं कशाला बोलू, दारात स्टील असलं की गिऱ्हाइकावर छाप पडते. नवरा म्हणाला, लोखंडी चौकोनी पाइप घेऊ, मजबूत असतो. मी म्हटलं, तुमच्या कारखान्याचं गेट नाही बांधायचं. दोन दिवस आम्ही जेवताना पाइपांवर बोललो. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं चिकलठाण्याच्या त्याच्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रीला घरी बोलावलं. पन्नाशीचा, शांत, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस.

"भाभी, फिकर नक्को करो," तो म्हणाला. "स्टील लेव, लोखंड लेव, मेरे को दोनों एकच. पन पकडनेवाला हाथ कौनसा है, वो दिखाव पहले."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी बघणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं वीत-वीतभर कापलेले पाइपांचे तुकडे पिशवीतून पाठवले. स्टीलचे, लोखंडाचे, गोल, चौकोनी, जाडे, बारीक. आत्या ओट्यावर पाय पसरून बसल्या आणि एकेक तुकडा उजव्या मुठीत धरून बघायला लागल्या. भाजी निवडावी तसं चाललं होतं. दोन इंची जाडा गोल हातात घेतला आणि लगेच ठेवला. "हे मुसळ हाये." चौकोनी घेतला. "हे हाताला कापतंय." काचेच्या रेलिंगला बसतो तो चपटा स्टीलचा घेतला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे तुझ्यासाठी ऱ्हाऊ दे, केसाला लावायला."

शेवटी दीड इंची गोल लोखंडी पाइप त्यांच्या मुठीत बसला आणि बोटं आपोआप मिटली. त्यांनी तो हलवून बघितला, दुसरा हातही लावला. चेहरा एकदम मोकळा झाला.

"हा," त्या म्हणाल्या. "टिकावाचा दांडा आसाच असतो."

माझं स्टील तिथंच संपलं. कोणत्या बाजूला लावायचं हेही त्यांनीच सांगितलं. "उतरताना उजव्या हाताला पायजे. चढायचं भ्या नाय मला, उतरायचं हाये." भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. इतके दिवस गुडघा होता, ऊन होतं, कुत्रं होतं. रंग कोणता, हे विचारायची गरजच नव्हती. आमचं दार निळं, खिडक्या निळ्या, माझ्या मशीनचं कव्हरसुद्धा निळं.

मग मापाचा दिवस आला. मिस्त्रीनं खिशातून पत्र्याचा टेप काढला आणि म्हणाला, "अम्मा को खडा करो, हाथ की उंचाई देखते."

"तो टेप लोखंडाला लावा," मी म्हटलं. "बाईचं माप मी घेते."

आत्यांनी विचारलं, "माझं माप घेनार? थांबा मंग." आणि आत गेल्या. मिस्त्रीचा चहा पिऊन झाला तरी बाहेर येईनात. आल्या तेव्हा अंगावर विहारात नेसायची धुवट पांढरी साडी, केस पाणी लावून चापून बसवलेले. ओट्याच्या मधोमध येऊन त्या उभ्या राहिल्या, फोटोला राहावं तशा. मी म्हटलं, उजवा हात पुढं करा, दांडा धरल्यासारखा. त्यांनी मूठ पुढं केली. मी जमिनीपासून मुठीपर्यंत टेप लावला. साडेचौतीस इंच.

"माशाल्ला," मिस्त्री म्हणाला. "अम्मा तो अभी जवान है."

आत्या गालात हसल्या. मलाही बरं वाटलं. आणि इथंच माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. तीस वर्षं मी दिवसातून दहा वेळा बायकांना सांगते, सैल उभ्या राहा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, नाहीतर ब्लाउज अंगात जाणार नाही. टेप दिसला की प्रत्येक बाई वेगळी उभी राहते, हे माझ्या धंद्याचं पहिलं ज्ञान. ते घरच्या बाईच्या बाबतीत मला सुचलं नाही.

रेलिंग बसवायचा दिवस मात्र आत्यांचा होता. मिस्त्री आणि त्याचा भाऊ सकाळीच टेम्पोतून खांब घेऊन आले. खांबांच्या तळाला लोखंडी पट्ट्या होत्या आणि त्या दगडात भोकं पाडून बोल्टनं आवळायच्या होत्या. ड्रिल मशीनची पिन लावली तशा आत्या ओट्याच्या कडेला येऊन बसल्या.

"थांब रं. आदी हातोडी लाव दगडाला. वाजव."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं तिसऱ्या पायरीवर हलकेच हातोडी मारली.

"हिथं नको. हिला आतून चीर हाये. बसवताना टोला जोरात बसला व्हता. दोन बोटं आत घे. वाजव. अजून आत. हां, हिथं भरीव हाये. हिथं पाड."

मला कान लावूनही दोन्ही आवाज सारखेच वाटले. मिस्त्रीला वाटले नाहीत. त्यानं पुन्हा दोन्हीकडं वाजवून बघितलं, मशीन खाली ठेवलं आणि भावाला म्हणाला, "सुन, अम्मा बोलेगी वहींच छेद." सातही पायऱ्या तशाच वाजवल्या गेल्या. आत्या वरून सांगत होत्या, तो खडूनं खुणा करत होता. सासऱ्यांच्या दगडात भोकं पडणार म्हणून त्यांना वाईट वाटेल अशी मला धाकधूक होती. वाईट वाटायला त्यांना सवडच नव्हती. एकही दगड तडकला नाही.

"अम्मा, कल से मेरे साथ काम पे चलो," जाताना मिस्त्री म्हणाला.

"हजेरी लावशील का पन?" आत्यांनी विचारलं, आणि दोघं मनापासून हसले.

दोन दिवसांत रंग वाळला. निळं, गोल, सरळ उतरत गेलेलं रेलिंग बघून मला स्वतःचाच हेवा वाटला. आत्यांना म्हटलं, चला. त्यांनी दांडा धरला, एक पायरी उतरल्या, दुसरी उतरल्या आणि थांबल्या. "झकास झालंय," त्या म्हणाल्या. "उद्या उतरते." उद्या झालं, परवा झालं. पुन्हा गुडघा आला, पुन्हा ऊन आलं. एक दिवस बघते तर रेलिंगवर गोधडी वाळत घातलेली.

माझा पारा चढला. मी काही मनात ठेवणारी बाई नाही. "आत्या, हे वाळवणासाठी बसवलंय का? तुम्ही म्हणाल तो पाइप घेतला, तुम्ही म्हणाल तिथं भोकं पाडली. आता काय अडलंय? तुम्हाला यायचंच नसेल तर तसं सांगा, मी तरी रोज वाट बघत बसणार नाही."

आत्या रेलिंगपाशी गेल्या. गोधडी ओढून घेतली, घडी घातली आणि आत गेल्या. त्या उलट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी तीन बाह्या उलट्या जोडल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी ब्लाउज उसवला म्हणून शिवायला दिला. उजव्या काखेत. आठवड्यात दुसऱ्यांदा. मी कापडाला नावं ठेवली, दोऱ्याला नावं ठेवली आणि दुहेरी टीप मारून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर होते. मशीन बंद होतं, बॉबिन भरायची होती म्हणून. बाहेर चपलांचा आवाज आला. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून बघितलं तर आत्या वरच्या पायरीवर. दुपारी मी जरा पडते असा त्यांचा समज. त्या रेलिंग धरून एक पायरी उतरल्या. थांबल्या. दुसरी उतरल्या. आणि परत वर चढल्या. पुन्हा एक, पुन्हा दोन, पुन्हा वर. घाम आला होता. मी बोलावणार तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या काखेकडं गेलं. मारलेली दुहेरी टीप ताणून पांढरी पडली होती. खांदा कानाला टेकायला आला होता, कोपर बाहेर फेकलेलं, बसमध्ये वरचा दांडा धरलेल्या बाईसारखा हात. दांडा धरून उतरायला आधार हवा, तर इथं त्या दांड्याला लोंबकळत होत्या. पाठ वाकलेली, आणि दांडा त्यांच्या मापाच्या सहा बोटं वर.

रोज दुपारी चाललं असणार हे. आणि मी त्यांना काय काय बोलले होते.

मी बाहेर गेले. आत्या पकडल्यासारख्या थबकल्या. मी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि शेजारी बसले.

"आत्या, हे उंच झालंय ना?"

"नाय. चांगलं हाये."

"आत्या."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "थोडकं हाये उंच."

"मग सांगितलं का नाही?"

"तूच माप घेतलं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्या मिस्त्रीपुढं तुझं माप चुकलं म्हनू का मी?"

 मग मी विचारलं, मापाच्या दिवशी त्या इतक्या ताठ का उभ्या राहिल्या होत्या. साडी बदलून, केस बसवून.

आत्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. "माप घ्यायला मानूस आला की ताठच उभं ऱ्हायाचं असतं," त्या म्हणाल्या. "खदानीवर मुकादम सकाळी रांगेतून बघत जायाचा. वाकलेल्या बाईला घेत नव्हता. माघारी धाडायचा. ताप असू दे, पोटात लेकरू असू दे, तो समोर आला की पाठ सरळ. एकदा बी माघारी आले नाय मी." मग म्हणाल्या, "आता पाठ आपसूकच व्हते तशी. मी करत नाय."

 मी रडले, आणि त्या मला म्हणाल्या, "आगं, पाइपापायी काय रडतीस?"

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. फोनवर मी स्वच्छ सांगितलं की चूक माझी आहे, तुमची नाही. त्यानंही मोठेपणा दाखवला. "भाभी, मैं भी तो देख रहा था," म्हणाला. वरचा पाइप काढायची गरज नाही, त्याच खांबांना खाली दुसरा पाइप जोडता येईल, असं त्यानं सुचवलं.

या वेळी आत्यांना घरातल्याच साडीवर बाहेर आणलं. ओट्यावर आल्या, मिस्त्रीच्या हातात टेप दिसला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांची पाठ उठायला लागली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आत्या, इथं मुकादम नाही. सैल उभ्या राहा. श्वास सोडा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग श्वास सोडला. माझ्या हाताखाली पाठ हळूहळू खाली आली, खांदे पडले, मान पुढं आली. परक्या माणसासमोर त्या अशा कधी उभ्या राहिल्या नसतील. मिस्त्री पिशवीत काहीतरी शोधायला लागला. त्यात काही नव्हतं, हे मला दिसत होतं. मी टेप लावला. तीस इंच. मी आकडा मोठ्यानं सांगितला नाही, बोटानं दाखवला.

खालचा पाइप जोडून झाल्यावर मी म्हटलं, आता वरचा कापून टाका. दोन पाइपांनी दाराला कोंडवाड्याची कळा आली होती.

"कापू नको," आत्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. लागंल."

"कुणाला लागणार आहे?"

"लागंल कुनाला तरी."

आत्या जुन्या चपलांचे अंगठेसुद्धा जपून ठेवतात. त्यातलाच प्रकार समजून मी वाद घातला नाही. त्यालाही निळा रंग होताच.

अश्विन पौर्णिमेला संध्याकाळी खीर झाली. नवरा पातेलं घेऊन पुढं गेला. मी आत्यांच्या एक पायरी खाली, उलटी, तोंड त्यांच्याकडं करून उभी राहिले. त्यांनी खालच्या पाइपला हात घातला. बोटं मिटली, कोपर अंगाशी राहिलं, खांदा जागचा हलला नाही. एक पायरी. दोन. दुसऱ्या पायरीवर त्या थांबल्या. तिथूनच त्या पडल्या होत्या. मी हात पुढं केला.

"बाजूला हो," आत्या म्हणाल्या. "तू मधे उभी असल्यावर मी उतरू कुठं?"

मी बाजूला झाले. तीन, चार, पाच, सहा, सात. खाली रस्त्यावर पाय टेकल्यावर त्यांनी पाइप सोडला, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला आणि मागं न बघता विहाराकडं चालायला लागल्या. तीन महिन्यांनी त्यांना बघून बायका उठून आल्या. "जयभीम, आत्या, जयभीम," एकच गलका. खांबाजवळची त्यांची जागा कुणी घेतली नव्हती. वाचन संपेपर्यंत मी त्या दिवशी एकाही बाईच्या बाहीकडं बघितलं नाही, कारण आत्या मागं वळून वळून माझ्याकडं बघत होत्या. पहिला डाव त्यांनीच वाढला.

परत येताना नवरा सतरंज्या आवरायला विहारातच थांबला. पातेलं रिकामं असलं तरी जड होतं, ते मी उजव्या कमरेवर घेतलं. आत्या पुढं, मी मागं. त्या खालच्या पाइपला धरून एकेक पायरी चढत होत्या, मधे मधे आज काय वाचलं ते मला सांगत होत्या. चौथ्या पायरीवर माझ्या डाव्या गुडघ्यातून कळ आली. हल्ली येते अधूनमधून, मशीनचं पायडल मारून मारून असेल. मी कुणाला सांगितलं नव्हतं. हात आपोआप बाजूला गेला आणि वरच्या पाइपवर बसला.

कोपर बरोबर वाकलं होतं. खांद्याला ताण नाही, मनगटाला ताण नाही. इतक्या बायकांची मापं घेतली, पण स्वतःला टेप लावायची वेळ कधी आली नव्हती. ते साडेचौतीस माझं माप होतं. मी तिथंच उभी राहिले. लग्नाच्या दिवशी घातलेला तो ब्लाउज मला आठवला, टाचणी न लावता बसलेला.

आत्या सातव्या पायरीवर पोचल्या होत्या. मागं वळून न बघताच त्यांनी विचारलं, "बसला का हात नीट?"

"बसला," मी म्हटलं.

"मंग ये सावकाश," त्या म्हणाल्या, आणि मी येईपर्यंत ओट्यावर दार धरून उभ्या राहिल्या.